विश्लेषण : बाहेरून येणाऱ्यांवर राज्य वेगळा कर लावू शकते का?

कार्तिकात साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. सुक्या मासळीच्या बाजारासाठी ती सगळ्या रायगडात ओळखली जाते. यात्रेकरू येतात आणि जातात, त्यांच्याबद्दल कुणी कुरकुरत नाही. कुरकुर असते ती खोपोली-खालापूर पट्ट्यातील कारखान्यांत कामाला येऊन इथेच भाड्याने राहणाऱ्यांबद्दल. पाणी पुरत नाही, कचरा वाढतो, मग परप्रांतीयांकडून वेगळा कर का घेऊ नये? मुंबईत येणाऱ्यांना परवाना लागावा, या जुन्या मागणीचेच हे भावंड आहे.

यात्रेकरूवर कर चालतो का?

चालतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 124 मधील करांच्या यादीत यात्रा कर आहे, तसाच जत्रा-उत्सवांवरील करही आहे. मात्र यात्रेकरू पेणचा की बिदरचा, हे त्यात पाहायचे नसते.

प्रवासाचेही तसेच. भाविक कर्जत-खोपोली लोकलने आला, तर रेल्वे प्रवाशावरचा ‘टर्मिनल टॅक्स’ लावण्याचा अधिकार फक्त केंद्राला. यात्रेच्या ठिकाणांसाठी संसदेने 1956 मध्ये तसा कायदाही केला. तोच भाविक एसटीने आला तर तिकिटातला प्रवासी कर राज्याचा. द्रुतगती मार्गाने मोटारीतून आला तर खालापूर नाक्यावर टोल, आणि तो गाडीच्या प्रकारावर ठरतो; आत बसलेला माणूस कुठला, याच्याशी टोलवाल्याला देणेघेणे नसते.

मग कामगारावर का नाही?

सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीची 61वी नोंद वाचून क्षणभर वाट मोकळी वाटते. माणशी कर, म्हणजे जुन्या भाषेतली डोईपट्टी, हा विषय राज्याकडेच आहे. पण ही नोंद फक्त विषय देते. तो कर कुणाकडून घ्यायचा, हे ठरवताना मूलभूत हक्क आडवे येतात. अनुच्छेद 19 नागरिकाला देशभर फिरण्याचा, कुठेही स्थायिक होण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क देतो. अनुच्छेद 15 जन्मस्थानावरून भेदभाव करू देत नाही. जनहितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात हे खरे. पण शेजारच्या खोलीतल्या साताऱ्याच्या कामगाराला माफी आणि बिहारच्या कामगाराला पावती, यात वाजवी काय ते न्यायालयात सांगता येणे कठीण. पाणी दोघेही तेवढेच वापरतात.

शिवाय आंतरराज्य स्थलांतर हा विषय संघसूचीत (नोंद 81) आहे. परदेशातून येणाऱ्यांचा प्रवेशही तिथेच (नोंद 19). त्यामुळे नेपाळी रखवालदाराबाबतही राज्याचे हात बांधलेले आहेत.

महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. चित्रपटांतील रंगभूषाकारांच्या मुंबईतील संघटनेने सदस्यत्वासाठी राज्यात पाच वर्षे वास्तव्याची अट ठेवली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये चारू खुराना खटल्यात ती रद्द केली. तिथे कर नव्हता, नुसती अट होती, तरी ती टिकली नाही.

अमेरिकेत हा वाद फार आधी झाला. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्स ही राज्ये बोटीने येणाऱ्या स्थलांतरितांमागे जहाजाच्या कप्तानाकडून पैसे घेत. 1849 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 अशा निसटत्या बहुमताने हे कर घटनाबाह्य ठरवले. पुढे 1882 मध्ये माणशी 50 सेंटचा कर आला, पण तो राज्यांचा नव्हे, केंद्राचा.

राज्याला मिळते काय?

व्यवसाय कर. अनुच्छेद 276 नुसार वर्षाला जास्तीत जास्त 2,500 रुपये. साजगावच्या कारखान्यातला झारखंडचा क्रेनचालक आणि कर्जतचा फिटर यांचा पगार सारखा असेल, तर दोघांच्या पगारातून सारखीच रक्कम कापली जाते. म्हणजे ‘ते काहीच भरत नाहीत’ हा समज मुळातच कच्चा आहे.

गावावरचा ताण मात्र खोटा नाही, आणि व्यवसाय कर राज्याच्या तिजोरीत जातो. ग्रामपंचायतीच्या हातात उरते ती घरपट्टी आणि पाणीपट्टी. खोल्यांचे भाडे घेणारा मालक बहुतेक वेळा गावचाच असतो. त्याची नवी चाळ नमुना 8 मध्ये चढली आहे का आणि आकारणी किती खोल्यांची झाली आहे, हे ग्रामसभेत विचारायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.