कारागिराची पारख

वैद्य निवडतांना आपण चार ठिकाणीं चौकशी करतों. पण घरांतील यंत्र बिघडलें कीं जो प्रथम येईल त्याच्या हातीं तें सोंपवून मोकळे होतों. वातानुकूलन यंत्राच्या (मुलें ज्यास ‘एसी’ म्हणतात त्याच्या) बाबतींत आम्हींहि हीच चूक केली. तिची हकीकत वाचकांच्या उपयोगीं पडेल, म्हणून येथें देत आहों.

आमच्या काकूंचें वय त्र्याऐंशी. पुण्यांतील आमच्या घरीं त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या अंगास आहे. उन्हाळ्यांत दुपारीं भिंत तापली म्हणजे त्यांस घेरी येई. डॉक्टरांच्या सांगण्यावरून चिरंजीवांनीं तेथें दीड टनाचें यंत्र घेतलें. तें बसविणारा कारागीर इतरांहून हजार रुपयांनीं स्वस्त मिळाला. घासाघीस आम्हींच केली होती, आणि तिचा आम्हांस अभिमानहि वाटला होता.

दुसऱ्या वर्षीं फाल्गुनांत गार वारा येईना. तोच कारागीर आला, “गुरुजी, गॅस संपला,” म्हणाला आणि भरून पैसे घेऊन गेला. चैत्रांत पुन्हां तेंच. वैशाखांत एका रात्रीं यंत्र नुसतें घरघरत राहिलें, काकू घाबऱ्या होऊन उठल्या, आणि सूनबाई पहाटेपर्यंत ओल्या पंचानें त्यांचें अंग पुसत बसली. तेव्हां आमचे डोळे उघडले.

शेजाऱ्यांनीं दुसरा कारागीर पाठविला. त्यानें यंत्रास हात लावण्याआधीं मागील दोन्ही वेळची हकीकत विचारली. मग म्हणाला, “काका, हा गॅस दिव्यांतल्या तेलासारखा जळून संपत नाहीं. नळी सगळीकडून बंद असते. गॅस कमी झाला म्हणजे तो कोठें तरी गळतो.” बाहेरच्या सांध्यांवर त्यानें साबणाचा फेस लावला, तों एका ठिकाणीं बुडबुडे येऊं लागले. त्यानें तो सांधा नव्यानें केला, नत्रवायू दाबानें भरून गळती थांबल्याची खात्री केली, पंप लावून नळींतील हवा व दमटपणा काढून टाकला, आणि यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस तोलून भरला. त्यास दोन उन्हाळे झाले. पुन्हां गॅस भरावा लागला नाहीं.

पहिल्याचें काम म्हणजे आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं! निदानाआधीं औषध देणारा वैद्य आपण पत्करीत नाहीं. कारागीरहि पत्करूं नये. खोली न पाहतां यंत्र किती टनाचें हवें तें सांगणाऱ्यापासून सावध राहावें. टन म्हणजे यंत्राचें वजन नव्हे. सुमारें ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळविणारी जी उष्णता, ती तेवढ्याच वेळांत बाहेर टाकण्याची शक्ति म्हणजे एक टन. खोलीची लांबीरुंदी, खिडक्यांची दिशा, वर गच्ची आहे कीं काय, हें पाहिल्यावांचून तिचा अंदाज कसा यावा? मोठें यंत्र घेतलें म्हणजे बरें, असेंहि नाहीं. तें खोली झटकन गार करून थांबतें, आणि पावसाळ्यांत हवेंतील ओल तशीच राहते.

सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत या विद्येचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तेव्हां शिक्षण कोठें झालें हें विचारण्यास संकोच नको. दोन वर्षांपूर्वीं ज्यांच्याकडे त्यानें काम केलें अशीं दोन घरें विचारावीं, आणि तेथें ‘बिघडल्यावर बोलावतांच आला काय?’ एवढेंच पुसावें. तांब्याच्या नळीची लांबी, बाहेरची चौकट, पाण्याचा निचरा, विजेचें अर्थिंग, कर आणि हमी हें सर्व लेखी घ्यावें. काम पाहिल्याशिवाय सगळे पैसे देऊं नयेत.

आतां आमच्या पदरचा दोष. दुसऱ्या कारागिरानें विचारलें, “बसवितांना पंप लावला होता काय?” आम्हांस आठवेना, कारण तो लावलाच नव्हता. हजार रुपये कमी केले तेव्हां ते कोठून तरी निघणारच होते. ते पंपाच्या अर्ध्या तासांतून निघाले. त्याहून वाईट म्हणजे तो मनुष्य तिसऱ्या मजल्याच्या अरुंद कठड्यावर कमरेस पट्टा न बांधतां उभा होता. आम्ही खिडकींतून तें पाहत होतों आणि कांहीं बोललों नाहीं. काकूंच्या जिवाची काळजी वाहणाऱ्या आम्हांस त्याच्या जिवाची आठवण झाली नाहीं, हें आज लिहितांनाहि लाज वाटते.

दुसऱ्याजवळ पट्टा होता. त्यानें मागितलेली मजुरी आम्हीं घासाघीस न करतां दिली. आतां दर वर्षीं फाल्गुन लागला कीं, ऊन तापण्यापूर्वींच, आम्ही त्यास निरोप धाडतों. तो बाहेर उतरूं लागला म्हणजे काकूच आधीं विचारतात, “बाळ, पट्टा बांधलास ना?”