आकड्याची आशा: मटक्यापासून अ‍ॅपपर्यंत

कथित सूत्रधार मूळचे भिलाईचे असलेले 'महादेव' सट्टा अ‍ॅप २०२३ मध्ये सक्तवसुली संचालनालयाच्या कारवाईमुळे देशभर गाजले. मराठी समाजाला मात्र आकड्याचा हा मोह नवा नाही.

न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील दरांवर मुंबईत लागणाऱ्या पैजेतून १९६० च्या दशकात मटका जन्मला आणि गिरणगावात रुजला. आयुष्यभराच्या श्रमाने जे साधणार नाही, ते एका आकड्याने साधेल, ही आशाच त्याचे बळ होती. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने मटका गुन्हा ठरला. १९६९ मध्ये महाराष्ट्र शासनानेच लॉटरी सुरू केली. परिणामी नशीब आजमावणे निषिद्ध नाही, केवळ विक्रेता अधिकृत हवा, असा अर्थ समाजाने घेतला.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने कायद्याने बंदी घातली. तथापि श्रमावरचा विश्वास दृढ झाल्याविना हा मोह ओसरणे कठीण आहे.