घरगुती कारणास्तव

राजीनाम्यांत आपल्याकडे एकच कारण वारंवार आढळतें, आणि तें बहुधा खोटें असतें : ‘घरगुती कारणास्तव’. हातीं पडणाऱ्या पगाराहून मोठ्या रकमेवर घेतलेली सही, गुणांपेक्षां नात्याला मिळालेली बढती, चारचौघांतील पाणउतारा, हें सर्व गिळून मनुष्य सुटतो आणि मागें आभाराच्या दोन ओळी ठेवितो. हिला सभ्यता म्हणण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें ही जाणाऱ्यानें मालकास दिलेली शेवटची लांच होय.

भोर-वेल्ह्याच्या मुलखास तरी हें सांगावें लागूं नये. १६५९ सालीं अफझलखान स्वराज्यावर चालून आला, तेव्हां त्यास सामील होण्याविषयीं विजापूरचें फर्मान कारीच्या कान्होजी जेधे देशमुखांस आलें. तें घेऊन ते पुत्रांसह शिवाजी महाराजांकडे गेले. न गेल्यास वतन बुडेल, तरी खानाकडे जा, असें महाराजांनीं त्यांस बजाविलें. कान्होजींनीं शहाजीराजांपाशीं वाहिलेली शपथ पुढें केली आणि वतनावर पाणी सोडलें. घरगुती कारणच पाहावयाचें, तर वतनाहून मोठें घरगुती कारण कोणतें? त्यांनीं नेमकें तेंच सोडलें.

ह्याच जेधे घराण्यानें जपलेली शकावली पुढें टिळकांच्या हातीं आली व १९१६ सालीं प्रसिद्ध झाली. टिळकांनाही संस्था सोडण्याचा प्रसंग आलेला होता. ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या स्थापनेंत त्यांचा हात होता, तिचा त्यांनीं डिसेंबर १८९० मध्यें राजीनामा दिला, तो कारणांच्या प्रदीर्घ विवरणासह. आजीव सभासदानें अल्प वेतनांत संतोष मानून आपली सारी शक्ति संस्थेस वाहावी, हें मूळ तत्त्व ढिलें पडलें, असा त्यांचा आरोप होता. आपली भाषा तिखट असल्याचेंही त्यांनीं तेथें कबूल केलें. सहकाऱ्यांस तीं कारणें मान्य झालीं नाहींत. परंतु वाद कशाचा होता, हें आज सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं आपणांस वाचतां येतें.

कोणी म्हणेल, टिळकांची गोष्ट निराळी. अनुभवाचा दाखला आणि थकलेला पगार मालकाच्या मुठींत असतां शिरवळच्या कारखान्यांतला वेल्ह्याचा पोर काय लिहिणार? आक्षेप रास्त आहे. मात्र त्यानें तो पोर सुटतो, आम्ही सुटत नाहीं. ज्यांची नोकरी कायम व म्हातारपणची सोय पक्की, त्या आम्हां प्राध्यापकांनीं आणि अधिकाऱ्यांनीं तरी खरें कारण लिहिण्यास कचरूं नये. आणि मालकांनीं दाखला व देणें आधीं चुकतें करून मगच कारण विचारावें.

खोटें पत्र दप्तरीं लागलें कीं संस्थेचा दोष शाबूत राहातो, आणि रिकाम्या खुर्चीवर उद्यां बसणाऱ्याच्या पदरीं पडतो. कारण लिहावयाचें तें त्याच्यासाठीं.