बक्षीस कशाला, निकालाला की शोधाला? सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्यांना जुन्या दफ्तरांपर्यंत कसं न्यायचं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे पदवीला चौथ्या वर्षाचा पर्याय आला आहे. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला या वर्षी संशोधनाची वाट निवडता येते. त्यातल्या प्रकल्पाला 12 क्रेडिट्स आहेत. राज्यात स्वायत्त महाविद्यालयांनी हे धोरण 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी 2024-25 पासून लागू केलं. म्हणजे संलग्न कॉलेजांची पहिली बॅच 2027-28 मध्ये चौथ्या वर्षाला पोहोचेल.

प्रश्न असा की, सातारा किंवा सांगलीत बीए करणारी मुलं हे संशोधन कशाच्या आधारे करणार? गुगल आणि एआयच्या, की जुन्या कागदपत्रांच्या?

सध्या कोणती स्पर्धा आहे?

राज्यातल्या विद्यार्थी संशोधकांसाठी सगळ्यात मोठं व्यासपीठ म्हणजे 2006 मध्ये सुरू झालेली ‘आविष्कार’ स्पर्धा. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतली मुलं शिवाजी विद्यापीठाच्या फेरीतून राज्यस्तरावर जातात. पदवीच्या विद्यार्थ्यांचा त्यात स्वतंत्र स्तर आहे.

पण स्पर्धेचे गट विषयानुसार पाडलेले आहेत. मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला एकाच गटात येतात. जुनं दफ्तर चाळून केलेल्या कामाला वेगळा गट नाही. पोस्टरवर निष्कर्ष दिसतो, त्यामागे किती कागद उलटले ते दिसत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या ग्रंथालयाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळं बक्षीस ठेवलं आहे. त्यासाठी निबंधासोबत आणखी एक टिपण द्यावं लागतं: संदर्भ कसे शोधले, ग्रंथालय कसं वापरलं. म्हणजे शोधण्याच्या पद्धतीलाही गुण.

सातारा-सांगलीचे कागद आहेत कुठे?

इथेच खरी गंमत आहे. आजचा सांगली जिल्हा 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून तयार झाला, त्याला सांगली हे नाव 1960 मध्ये मिळालं. त्यामुळे 1943-46 च्या प्रतिसरकारवर काम करणाऱ्या वाळव्याच्या विद्यार्थ्याला ‘सातारा’ या नावाखालच्या फायली शोधाव्या लागतात. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे, पण 1910 मध्ये कारखाना आला तेव्हा ती औंध संस्थानात होती. सांगली, मिरज आणि जत ही तर वेगळी संस्थानंच होती.

कागदही असेच विखुरले. सातारच्या छत्रपतींचं दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. इतिहास संशोधक द. ब. पारसनीस यांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. सगळंच बाहेर गेलं असंही नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत हस्तलिखितं आहेत. मिरजेत शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातली पत्रं ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’मधून छापली. शंभर वर्षांपूर्वी एका शाळामास्तराने केलेलं हे काम आजही संशोधकांना लागतं.

मग अडचण काय?

पहिली अडचण मोडी लिपीची. पेशवाई आणि संस्थानी काळातले बहुतेक मराठी कागद मोडीत आहेत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, पण बीएच्या वेळापत्रकात त्याला जागा लागेल. दुसरी अडचण प्रवासाची. पुण्याला चार दिवस राहून रुमाल सोडून बघायचे, तर एसटी आणि राहण्याचा खर्च कोण करणार?

तिसरी अडचण वेळेची आहे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजली. कृष्णाकाठच्या गावांत ग्रामपंचायतीचं दप्तर, सहकारी सोसायटीच्या वह्या, शाळेचं जनरल रजिस्टर असं बरंच काही आजही साध्या कपाटात आहे. पुढच्या पुरात ते टिकेलच असं नाही.

बक्षिसाने काय बदलेल?

नुसती ट्रॉफी दिली तर फार काही नाही. पण बक्षीस तीन गोष्टींना जोडता येईल. निवडलेल्या विद्यार्थ्याला आधीच प्रवासखर्च द्यायचा. शोधाची नोंद, म्हणजे कोणतं दफ्तर, कोणता रुमाल, काय सापडलं आणि काय नाही, हे प्रबंधाइतकंच तपासायचं. आणि पाहिलेल्या कागदांची यादी व परवानगी असेल तिथे त्यांचे फोटो कॉलेजच्या ग्रंथालयात जमा करायचे.

याचा एक फायदा सरळ आहे. एआयने लिहिलेला निबंध ओळखणं शिक्षकांना अवघड जातं. रुमालाचा क्रमांक दिला असेल तर तो कुणालाही जाऊन पडताळता येतो.

दुसरा फायदा गावाचा. दरवर्षी प्रत्येक कॉलेजमधून दोन मुलांनी जरी आपल्या तालुक्याचे कागद नोंदवले, तरी दहा वर्षांत वीस याद्या तयार होतील. कोणता कागद कुठे आहे हे माहीत असेल, तर पूर येण्याआधी तो हलवता तरी येईल.

2027-28 फार लांब नाही. मोडीचे वर्ग आणि प्रवासखर्चाची सोय त्याआधी झाली नाही, तर चौथ्या वर्षाचं संशोधन इंटरनेटवरून उतरवून काढणं हाच सगळ्यात सोपा मार्ग उरेल.