‘न्यू’ नावाचं जुनं पान

आमच्या टीमच्या विकीवर ‘न्यू कॅलिब्रेशन’ नावाचं एक पान होतं. पाच वर्षांपूर्वी मीच लिहिलेलं. तेव्हा ते खरंच नवीन होतं हो! पुढे ‘कॅलिब्रेशन रिवाइज्ड’ आलं, मग ‘कॅलिब्रेशन फायनल’, आणि शेवटी कुणीतरी वैतागून ‘कॅलिब्रेशन यूज धिस वन’ लिहिलं. गेल्या हिवाळ्यात रुजू झालेल्या एका मुलीनं साहजिकच ‘न्यू’ उघडलं आणि त्याप्रमाणे अठरा दिवस मोजमापं घेतली. सगळी कचऱ्यात! मीटिंगमध्ये बोलणी तिनंच खाल्ली, "विचारायचं नाही का कुणाला?" पान माझं होतं हे कुणाला आठवलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही.

तर मंडळी, आज भांडायचंय ते ‘पानाला नाव काहीही द्या, मजकूर महत्त्वाचा’ म्हणणाऱ्यांशी. म्हणजे आधी स्वतःशीच.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिला विकी सुरू केला. त्यात दोन शब्द मोठ्या अक्षरांनी सुरू करून जोडून लिहिले की तेच पानाचं नाव, आणि तोच दुवा. नाव चुकलं की दुवा गेला. थोडक्यात, विकी हे मुळात नावांवर चालणारं यंत्र आहे. आपण त्याचा माळा केला, दिसेल ते वर टाकायचं आणि शिडी काढून घ्यायची.

मी राहतो त्या रिचमंड हिलमध्ये डेव्हिड डनलॅप वेधशाळा आहे. १९३५ साली ती उघडली तेव्हा तिथली ७४ इंची दुर्बीण जगात दुसऱ्या क्रमांकाची होती. १९७१ च्या सुमारास टॉम बोल्टन यांनी तिच्यातून एचडीई २२६८६८ नावाचा तारा तपासला. सिग्नस एक्स-१ या नावानं नोंदलेले क्ष-किरण तिथूनच येत होते. ताऱ्याला एक न दिसणारा, भलताच जड सोबती आहे असं निघालं, आणि कृष्णविवराचा पहिला भक्कम उमेदवार सापडला. त्या ताऱ्याला क्रमांक देणाऱ्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं. पण त्यांनी त्याचं नाव ‘नवा निळा तारा, फायनल’ ठेवलं नाही, म्हणून दशकं उलटल्यावरही तो नेमका तोच तारा सापडला. आणि आज कुठल्याही नावानं शोधा, एकाच नोंदीवर पोचता.

म्हणजे नियम काही फार नाहीत. नाव विषयाचं द्यावं, वेळेचं नाही. न्यू, ओल्ड, फायनल, करंट हे शब्द हद्दपार. नावात टीमही नको, कारण टीम दर दोन वर्षांनी मोडते, यंत्र दहा वर्षं चालतं. एका विषयाला एकच पान. नाव बदललं तर जुन्या नावावरून नव्याकडे पाठवणी करावी. मीडियाविकीत पान हलवलं की हे आपोआप होतं, आपण फक्त ते पुसायचं नाही! आपल्या मराठीत तर ऱ्हस्व-दीर्घाच्या कृपेनं याची गरज दुप्पट. लोकमान्य टिळक शोधणारा आणि बाळ गंगाधर टिळक शोधणारा एकाच दारात पोचायला हवा.

"पण सर्च आहे ना!" आहे की. सर्चनं तिला चारही पानं दाखवली होती. खरं कुठलं, ते कोण सांगणार? आता लोक एआयला विचारतात. तो ती चारही पानं वाचून अत्यंत आत्मविश्वासानं पाचवंच कॅलिब्रेशन सांगतो.

पुण्यातला माझा एक मित्र म्हणतो, "आमच्याकडे ही कटकटच नाही, सरळ सरांना विचारायचं." अरे, आणि सर रजेवर गेले की? खरं सांगू का, सरांना ते हवंच असतं. माहिती सापडली नाही की माणसाचा भाव वाढतो. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९११ साली कॉर्नेलची पीएचडी घेतली, आणि परत आल्यावर ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. त्यातला एक अख्खा खंड निव्वळ सूचीचा! लिहिणाऱ्यानं शोधणाऱ्याची एवढी काळजी घेतलेली आहे आपल्याकडे. ‘सरांना विचारा’ ही काही आपली परंपरा नव्हे.

असो. गेल्या महिन्यात मी चारही पानं एकत्र केली, नावात सेन्सरचं मॉडेल आणि काय मोजायचं ते घातलं, आणि मीटिंगमध्ये कबूल केलं की ते ‘न्यू’ माझं होतं. ती मुलगी शांतपणे म्हणाली, "माहितेय. पानाच्या इतिहासात तुमचं नाव आहे."

उद्या ऑफिसात गेलात की आपल्या विकीवर ‘न्यू’ आणि ‘फायनल’ शोधून बघा. आणि सापडलेल्या पानाच्या इतिहासात कुणाचं नाव आहे, तेही.