हिमरूच्या गावात कुंचल्याला नाक मुरडू नये

छत्रपती संभाजीनगरात आलेल्या पाहुण्यांना कौतुकाने जे कापड दाखवले जाते, त्याच्या नावातच नक्कल आहे. ‘हिमरू’ हा शब्द फारसी ‘हम-रू’वरून आला, म्हणजे ‘त्याच्यासारखे दिसणारे’, असे सांगतात. कोणासारखे? किनखाबासारखे. सोन्याचांदीच्या जरीचे किनखाब राजेरजवाड्यांना परवडे. बाकीच्यांसाठी इथल्या विणकरांनी सुती ताणा आणि रेशमी बाणा घेऊन तशीच वेलबुट्टी उठवली. पुढे निजामाच्या राज्यात याच कापडाच्या शेरवान्या दिमाखात मिरवल्या गेल्या. आता तर हिमरूचीच नक्कल यंत्रमागावर निघते आणि हातमागाच्या हिमरूला ‘अस्सल’ म्हणावे लागते.

अशा गावात कुणी शाळेच्या गॅदरिंगसाठी सुती कापडावर फॅब्रिक पेंटने पैठणीतला बांगडी-मोर काढला, तर ‘हे काही खरे नव्हे’ म्हणून नाक मुरडण्यात फारसा अर्थ नाही.

हाच प्रश्न जपानी पोशाखांच्या बाबतीतही निघतो. युरोप-अमेरिकेत काही हौशी मंडळी जुन्या काळातला ‘कोसोदे’ घरी हाताने शिवतात. कोसोदे म्हणजे आजच्या किमोनोचा पूर्वज. त्याचे शिवणकाम तसे सोपे असते, कारण अरुंद पन्ह्याच्या कापडाच्या सरळ पट्ट्या सरळ टाक्यांनी जोडायच्या असतात. खरी अडचण नक्षीची. ती विणून किंवा पारंपरिक पद्धतीने रंगवून घेणे खिशाला झेपत नाही, म्हणून ही मंडळी फॅब्रिक पेंटची बाटली उघडतात. मग शुद्धतावाद्यांच्या भुवया वर जातात.

जपानचा इतिहास मात्र कुंचल्याच्या बाजूने उभा आहे. 1683 मध्ये तिथल्या शोगुनशाहीने उधळपट्टीला चाप लावण्यासाठी स्त्रियांच्या पोशाखातली सोन्याची जर, भरतकाम आणि अंगभर बारीक बांधणी यांवर बंदी घातली. श्रीमंत व्यापाऱ्यांच्या घरच्या बायकांनी नटणे सोडले असेल, असे समजण्याचे कारण नाही! त्याच सुमारास क्योटोमध्ये पंखे रंगवणाऱ्या मियाझाकी युझेन यांच्या नक्ष्या लोकप्रिय झाल्या आणि त्यांच्याच नावाने ‘युझेन’ ही रंगवण्याची पद्धत ओळखली जाऊ लागली. तांदळाच्या खळीची बारीक रेघ ओढायची, म्हणजे एका पाकळीचा रंग दुसरीत पसरत नाही. मग आत ब्रशने रंग भरायचा, कापडाला वाफ द्यायची आणि खळ धुऊन टाकायची. कच्चे रेखाटन एका निळ्या फुलाच्या रसाने होई, कारण तो पाण्याने साफ निघून जातो. हे फूल म्हणजे आपल्या केन्याचे भावंड. मराठवाड्यातला शेतकरी ज्या केन्याला तण म्हणून खुरपून काढतो, त्याच्याच कुळातल्या फुलाने रेशमावरचा पहिला आराखडा उमटायचा.

ओगाता कोरिन (1658–1716) तर नावाजलेले चित्रकार. त्यांनी एका व्यापाऱ्याच्या पत्नीच्या पांढऱ्या रेशमी कोसोदेवर शरदातली फुले आणि गवत स्वतःच्या हाताने रंगवले. ते वस्त्र आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कापडावर रंगवले म्हणून ते कमअस्सल, असे तिथे कुणी म्हणत नाही.

इतक्या लांबचा दाखला नको असेल, तर अजिंठ्याची लेणी आपल्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर आहेत. पहिल्या लेण्यातल्या चित्रांत एका वस्त्रावर हंसांची रांग आहे. इतरत्र पट्ट्यापट्ट्यांची आणि इकतची आठवण करून देणारी वस्त्रे दिसतात. ज्या मागांवर ती विणली गेली ते कधीच मातीला मिळाले, कापडही उरले नाही. गेरू, काजळी आणि दूरदेशीच्या निळ्या दगडाची पूड वापरून चित्रकाराने भिंतीवर जे कापड रंगवले, तेवढेच टिकले. त्या काळच्या विणकामाचा अभ्यास करणारेही शेवटी या रंगवलेल्या कापडाकडेच वळतात.

पण अजिंठा दुसरीही गोष्ट शिकवतो, आणि इथे हौशी मंडळींचा कान धरायला हवा. एकोणिसाव्या शतकात चित्रांच्या नकला उतरवणाऱ्यांनी ती उठून दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निश चढवले. पुढे निजाम सरकारने 1920 ते 1922 या काळात इटालियन तज्ज्ञ आणून जतनाचे काम करून घेतले. त्यांनी लाखेचा थर दिला. दोन्ही थर कालांतराने पिवळे पडले, मळ धरू लागले आणि ते काढता काढता पुरातत्त्व खात्याच्या नाकी नऊ आले. नक्कल केल्याने चित्रांचे काही बिघडले नव्हते. बिघडले ते मुळाला हात लावल्याने. म्हणून आजीच्या विरलेल्या पैठणीवर किंवा कुठून तरी मिळालेल्या जुन्या किमोनोवर ब्रश चालवणे हा अडाणीपणा आहे, मग हात कितीही कसलेला असो. जुने वस्त्र सुती कापडात गुंडाळून ठेवावे आणि गुलमंडीच्या बाजारातून नवे कापड आणून त्यावर काय ती हौस भागवावी.

तीही जरा शिस्तीने. नव्या कापडाची खळ आधी धुऊन काढली नाही, तर रंग कापडाऐवजी खळीवर बसतो आणि पहिल्या धुण्यात निघून जातो. ॲक्रिलिक रंग धाग्यात मुरत नाही, धाग्यावर बसतो. जाड थर दिला की घडीवर तडे जातात, म्हणून मीडियम मिसळून पातळ हात द्यावेत आणि कापडाखाली पुठ्ठा ठेवावा. रंग पुरता वाळला की उलट बाजूने गरम इस्त्री फिरवावी आणि पहिले धुणे तीनेक दिवसांनी करावे. नाजूक रेशमावर हा रंग कडक पापडासारखा होतो; तिथे सुती कापडच बरे.

खरा वाद रंगवण्याचा नाहीच, विकण्याचा आहे. घरच्या नाटुकल्यासाठी रंगवलेल्या मोराने कुणाचे पोट मारले जात नाही. पण छापलेला किंवा रंगवलेला मोर ‘पैठणी’ म्हणून आणि यंत्रमागाची शाल ‘हिमरू’ म्हणून विकली गेली, की खड्डामागावर दिवसाकाठी काही इंचच पुढे सरकणाऱ्या विणकराचा घास जातो. हिमरूच्या जुन्या विणकरांनी नक्कल केली खरी, पण तिला किनखाब म्हटले नाही. नावातच कबुली देऊन ठेवली. आजच्या प्रदर्शनांतल्या आणि दुकानांतल्या पाट्यांनी एवढा प्रामाणिकपणा दाखवला तरी पुरे: ‘हातमागावर विणलेले’ आणि ‘हाताने रंगवलेले’, दोन वेगळे शब्द, दोन वेगळे भाव. पाहणाऱ्याने दोन्हींचे कौतुक करावे.

तोवर ग्राहकाने खरेदीला गेल्यावर पदर एकदा उलटून पाहावा. हातमागाच्या पैठणीचा मोर मागूनही तितकाच स्वच्छ दिसतो. रंगाच्या मोराचे मागे फक्त पुसट डाग असतात.