मोहफुलं मोकळी, भट्टी मात्र गुन्हा

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर उन्हाळा लागला की पहाटेच अख्खं घर मोहफुलं वेचायला निघतं. फुलं वेचणं, साठवणं, विकणं राज्य सरकारने २०२१ मध्ये मोकळं केलं. पण तीच फुलं मडक्यात आंबवून भट्टी लावली, की १९४९ चा दारूबंदी कायदा आडवा. देवाला धार टाकायचीय, हे तिथं चालत नाही. शेजारच्या गुजरातेत तर दारूबंदीच. नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशाने मात्र २०२२ च्या धोरणात हीच दारू ‘हेरिटेज’ ठरवली, परवाना आदिवासी बचत गटांना. आपल्याला लागून असलेला अलिराजपूर त्यात आहे. आपल्याकडे फुलं व्यापाऱ्याच्या गोदामात जातात. नवसागर टाकून विकणाऱ्यांना जरूर पकडा. पण उद्या इथं परवाने निघालेच, तर ते कारखानदाराआधी वेचणाऱ्या बायांच्या गटाला मिळतील का, हे आमदारांनी आताच विचारावं.